पाव फेरा

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. चारी चाकांनी ओढणारी. पण आधीच सांगून ठेवते, एका जागी निवांत उभं राहून गोष्ट सांगणं मला जमत नाही. अंगात सतत चुळबुळ. इंजिन बंद केलं तरी माझा पत्रा बराच वेळ टिकटिक करत राहतो.

माझी उमेदीची वर्षं एका दूध संघात गेली. काय तो थाट! दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचा हार, अध्यक्षांच्या सीटवर पांढराशुभ्र टॉवेल. राधाकिशन माझा ड्रायव्हर. गावोगावच्या सोसायट्यांचे कॅन ट्रॉलीत घालून आम्ही नुसते धावायचो. एकदा चौसाळ्याच्या अलीकडच्या वळणावर ट्रॉलीचं चाकच निखळलं. नट ढिला राहिला होता. चाळीस कॅन दूध मातीत गेलं आणि राधाकिशन रस्त्यातच बसून रडला. त्या दिवसापासून त्यानं आवळलेली वस्तू दुसऱ्या कुणाला उघडेना, मग नळ असो नाहीतर बरणी. त्याची बायको तुळजाबाई म्हणायची, “ह्यांनी लोणच्याची बरणी लावली की लोणचं फुडच्या सालीच खायचं!”

पुढं दुष्काळ पडला. जनावरं विकली गेली, दूध आटलं आणि संघाच्या फाटकाला कुलूप लागलं. बाभळीखाली मी चार वर्षं उभी होते. माझ्या सीटमध्ये उंदरांनी पिलं घातली. हार घालणारे हात कुठं गेले, कोण जाणे! शेवटी लिलावात राधाकिशननंच मला घेतलं. लोक हसले. “भंगारवाल्यानं न्हाई घेतली, ती ह्यानं घेतली!”

हसणारे गप्प झाले ते दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात. आमची वस्ती सतरा घरांची, डोंगरावर. पाण्याचा टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा, पण त्याला चढ चढवत नव्हता. तो पायथ्याशी थांबायचा, तोही दुपारी बारापर्यंतच. तेवढ्या वेळात माझ्यामागच्या टाकीत पाणी भरून तीन खेपा वर न्यायच्या. नाही जमलं, तर उरलेलं पाणी घेऊन टँकर पुढच्या गावाला जाणार. माणसं, गुरं, सगळ्यांचा घसा माझ्या चार चाकांवर अवलंबून होता.

आणि नेमकं माझं पुढचं डावं चाक घुंघुं करू लागलं.

राधाकिशन म्हणाला, “टायरचा आवाज हाय.”

“टायर असं कण्हतंय व्हय?” तुळजाबाई म्हणाली.

त्यानं जॅक लावला, चाक वरखाली धरून हलवलं. खडखड! बेरिंगं झिजली होती. चौसाळ्याचा जमील मिस्त्री तेव्हा लेकीकडं घाटनांदूरला गेला होता. त्यानं नवी बेरिंगं एसटीनं पाठवली आणि फोनवरून एकेक पायरी सांगितली. आमच्या लिंबाखाली राधाकिशननं चाक काढलं, चाकाच्या मधला हब खोलला, जुन्या बेरिंगच्या कड्या हातोडीनं ठोकून काढल्या. सगळं रॉकेलनं धुतलं. तुळजाबाईनं तळहातावर ग्रीस घेऊन नव्या बेरिंगात असं दाबून भरलं, की पुरणसुद्धा तितक्या मायेनं कुणी भरत नसेल.

“आता नट आवळ,” फोनमधून जमील म्हणाला. “चाक फिरव. आन मंग पाव फेरा उलटा सोड. विसरू नको भाई, बेरिंगला बी श्वास लागतो.”

राधाकिशननं आवळलं. पाना उलटा धरला आणि त्याचा हात थांबला. दूध दिसलं असणार त्याला, मातीतलं. त्यानं पाना पुन्हा सुलटा केला, अजून थोडं आवळलं आणि फोनात खुशाल सांगितलं, “सोडला पाव फेरा.”

लबाड! मला सगळं कळत होतं, मित्रांनो, पण मला तोंड कुठं आहे? दुसऱ्या दिवशी टँकर आला. पहिली खेप भरली आणि चढावर माझं चाक आतून भाजू लागलं. हॉर्नसुद्धा मला स्वतःहून वाजवता येत नव्हता! कशीबशी वर पोचले.

तुळजाबाईची एक सवय होती. माझ्या सीटवरून खाली उतरली की आधी दावणीला जायची आणि गाईच्या कानाला हात लावून ताप बघायची. त्या दिवशी दावणीवरून परतताना, काय मनात आलं तिच्या, तोच हात तिनं माझ्या चाकाच्या मधोमध ठेवला आणि झटकन मागं घेतला.

“आवं, हिला ताप हाय!”

“ऊन हाय गं. चल, दोन खेपा राहिल्या.”

हंड्यात बोट बुडवून तिनं एकच थेंब हबवर शिंपडला. चर्र झालं. दुसऱ्या चाकावर शिंपडला, तो नुसता ओघळला.

“खरं सांगा. सोडला व्हता पाव फेरा?”

राधाकिशनची मान खाली गेली. “न्हाई सोडला. भ्या वाटलं गं. पुन्यांदा निखळलं तर?”

“आन चढावर चाक अडकलं तर? पानी तर जाईलच, तुमी बी जाल. तुमच्यामागं मी कुणाच्या नावानं वरडू?”

एवढं बोलून ती खरंच रडली. वस्ती हंडे घेऊन उभी होती, अकरा वाजत आले होते. हब निवेपर्यंत हात लावता येईना. मी तर नुसती तडफडत होते. शेवटी राधाकिशननं पाना लावला. नट थोडा सुटला आणि थांबला. तुळजाबाईनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. पाव फेरा. बस्स, तेवढाच! चाक सुळकन फिरलं.

खाली गेलो तेव्हा टँकरवाल्यानं इंजिन सुरू केलं होतं. एकच खेप मिळाली, तिसरी गेली. त्या रात्री वस्तीनं पाणी वाटून घेतलं, आणि राधाकिशननं आपला वाटा गाईपुढं ठेवला.

मित्रांनो, आम्हां यंत्रांना हार नका घालू. भीतीपोटी आवळूनही टाकू नका. फक्त अधूनमधून अंगाला हात लावून बघा. दुसरं काही मागणं नाही माझं. मी अजून पळते, आणि प्रत्येक खेपेनंतर तुळजाबाई उतरते. आधी गाईच्या कानाला हात लावते, मग माझ्या चाकाला.