मालकाचा पत्ता

आमच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. भांडण नाही, अबोला नाही, नुसती पद्धत. लग्न होऊन मी मोर्शीला आले तेव्हापासून मामाजींना काही सांगायचं असलं की मी सासूबाईंना सांगायचं. मग सासूबाई ओसरीवर जाऊन तेच पुन्हा सांगणार. मामाजींनी माझं बोलणं पहिल्यांदाच स्वच्छ ऐकलेलं असतं, तरी ते मान हलवून उत्तर त्यांच्याच हाती पाठवणार. सुरुवातीला मला याचं हसू यायचं. नंतर चीड येऊ लागली.

कारण मामाजींनी संत्र्याच्या कलमांची नर्सरी बंद करायचं ठरवलं होतं. मामाजींची, म्हणजे भगवंतरावांची कलमं म्हटलं की लोक अजून डोळे झाकून घेतात, पण बंडूला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्या मातीत रस नाही. त्याला अमरावतीत नोकरी लागली. मुलगा करत नाही तर करणार कोण, असा मामाजींचा सरळ विचार. रोपांवर चांगल्या झाडाचे डोळे, म्हणजे कळ्या, बांधण्यापासून गिऱ्हाइकांच्या चौकशीपर्यंत सगळं मीच बघत होते. पण मला कोणी विचारलंच नाही, आणि मी तरी कोणत्या तोंडानं विचारणार?

त्यातच बंडूनं जुनं सिमकार्ड बंद पडू दिलं. नर्सरीच्या फुकटातल्या ईमेल खात्याचा ओटीपी त्याच नंबरवर यायचा, त्यामुळे खातं कायमचं गेलं. माझं डोकं सटकलं. लोकांच्या ओसरीवर किती दिवस संसार मांडायचा? मी ठरवलं, मेलचा सर्व्हर आपल्याच घरात बसवायचा. बंडूचा जुना कॉम्प्युटर, इन्व्हर्टर, इंटरनेटवाल्याकडून घेतलेला न बदलणारा आयपी पत्ता आणि कॉलेजात शिकलेलं जे काही डोक्यात उरलं होतं, ते सगळं मी खताच्या खोलीत मांडलं. कोणकोणते पत्ते करू, असं सासूबाईंमार्फत विचारलं. 'मालक' नावाचा एक करा, लोक मालकालाच लिहितात, असा निरोप आला. तो पत्ता करून मामाजींच्या फोनवर जोडून दिला.

सर्व्हर चालू झाला, पण आमच्या मेल जिकडेतिकडे स्पॅममध्ये पडू लागल्या. नवा सर्व्हर म्हणजे गावात नवा आलेला भाडेकरू, त्याच्यावर लगेच कोणी भरवसा ठेवत नाही. रोज थोड्या मेल पाठवायच्या, घेणाऱ्यानं त्या स्पॅममधून बाहेर काढून उत्तर द्यायचं, मग हळूहळू पत तयार होते. म्हणून मी सगळ्यांना उत्तरं द्यायला सांगून नातेवाइकांच्या आणि घरातल्यांच्या जुन्या खात्यांवर रोज नर्सरीची माहिती लिहू लागले. नणंद वर्षालीनं नुसता अंगठा पाठवला. बंडूनं एकदा 'ओके' लिहिलं आणि विसरला.

मग एका सकाळी मामाजींचं उत्तर आलं. ते स्वतः दोन खोल्या पलीकडे बसले होते.

'चि. सौ. पौर्णिमा हिस अनेक आशीर्वाद. आपले कलम कोणत्याही जमिनीत चालते असे तू लिहिले आहेस. तसे लिहू नये. पाणी साचणाऱ्या जमिनीत ते टिकत नाही. गिऱ्हाइकास आधी जमीन विचारावी.'

इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले, आणि त्यातही माझी चूकच काढली. मला इतका आनंद झाला की चुलीवरचा चहा उतू गेला.

त्यानंतर रोज सकाळी त्यांची मेल यायची. डोळे कोणत्या झाडाचे घ्यावे, कोणत्या झाडाच्या दिसण्याला भुलू नये. कौंडण्यपूरच्या यात्रेत ते पहिल्यांदा टोपलीत रोपं घेऊन बसले, तेव्हा लोक कसे हसले होते. मी विचारायची, ते सांगायचे. समोरासमोर मात्र तीच पद्धत. चहाचा निरोप घेऊन फिरणाऱ्या सासूबाई एकदा वैतागल्या. "तिकडं एवढं लिहून राहिले दोघं, मंग मले कावून पळवता?"

पुढं आमच्या मेल सरळ पोहोचू लागल्या. मी सगळ्यांना कळवलं की आता उत्तरं नकोत. मामाजींना कळवलं नाही.

अशातच नांदगाव खंडेश्वरचे एक पाहुणे नर्सरीची जमीन मक्त्यानं मागायला आले आणि बांधावरून फिरून गेले. त्या दुपारी मी लिहून टाकलं: 'मामाजी, नर्सरी बंद करू नका. मला चालवायची आहे. मला जमेल.'

दुसऱ्या सकाळी उत्तर आलं नाही. तिसऱ्याही नाही. सर्व्हरच्या नोंदी तपासल्या, मेल पोहोचली होती. त्यांनी ती वाचलीही होती, कारण जेवताना ते मान वर करेनात. मी खताच्या पोत्यावर बसून पोटभर रडले. मागितलं नसतं तर निदान सकाळच्या मेल तरी राहिल्या असत्या, असं वाटून गेलं.

पाहुणे बोलणी पक्की करायला पुन्हा आले. चहा झाला. मामाजी उठले तशा निरोप न्यायला सासूबाईही उठल्या, पण ते त्यांना ओलांडून थेट खताच्या खोलीच्या दारात आले. नेहमीसारखे खाकरले. मी डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले.

"पौर्णिमा," ते म्हणाले, "तुही मेल भेटली मले. मुद्दाम उत्तर नाई देल्लं. अशी गोष्ट लिहून नाई कळवत, तोंडानं सांगा लागते."

त्यांनी फोन पुढं केला. "हा मालकाचा पत्ता माह्या फोनवरून काढ. तुह्या फोनवर घे. पाहुण्याले मी सांगतो."

मी फोन घेतला. मीच ठेवलेला पासवर्ड मला आठवेना. मामाजी दारातच रेंगाळले.

"आन मी सकायी लिहितो, ते लागते काय अजून? बंडू म्हणे, त्याचं काम झालं."

"लागते, मामाजी," मी म्हणाले.

मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही खोटं.