दसऱ्याची तारीख

दसऱ्याला हैदराबादच्या त्या कारखान्यातलं एकही यंत्र चालत नाही. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, लिंबं; दाब तपासायच्या पंपालासुद्धा. आणि नेमक्या त्याच दिवशीच्या दाबचाचणीच्या दाखल्यावर धम्मदीपचा शिक्का होता.

धम्मदीप तिथला तपासनीस. समुद्रातल्या तेलविहिरीच्या तोंडावर बसणारी झडप त्याच्या शिक्क्याशिवाय फाटकाबाहेर जात नसे. खालून वायू उसळला की तिने विहिरीचं तोंड मिटायचं. नाही मिटलं तर वर काम करणारी सत्तर-ऐंशी माणसं जळून जायची. दसऱ्याला तो आईला, मालनबाईंना, घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. शिक्का कपाटात होता आणि कपाटाची दुसरी किल्ली मॅनेजर हिम्मतरावांकडे. परत आल्यावर दाखला वाचताच त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो तसाच हिम्मतरावांसमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, खोटंच करायचं होतं तर निदान दिवस तरी बघायचा."

"परेशान नको करू रे. ट्रक सकाळपासून उभाय," हिम्मतराव म्हणाले. "नव्या विहिरी आधीच अडून बसल्यात. कधी परवाना नाही, कधी खोदायला रिग नाही, कधी मच्छीमारांचा मोर्चा. देशाला तेल पायजे, अन् आता तू आडवा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख टाक, बस."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"दुसऱ्या दिवशी मी रेल्वेत होतो. झडप पंपाला जोडा. आत्ता."

"जोड. पास झाली की तोंड बंद ठेवायचं."

धम्मदीपने झडप जोडली. दाब चढला. मीटरचा काटा पंधरा मिनिटं जागचा हलायला नको होता. सहाव्या मिनिटाला तो उतरायला लागला.

"काटा खराब असंल," हिम्मतराव म्हणाले.

धम्मदीपने दुसरा मीटर बसवला. त्याचाही काटा उतरला. झडप गळत होती.

"जाऊ दे ना बाबा. समुद्र काय हैदराबादेत है का? तिथले लोक बघतील."

धम्मदीपला त्या माणसाची किळस आली. त्याने झडपेला तारेने लाल पाटी बांधली, तिच्यावर 'नापास' लिहिलं, खाली सही केली आणि आजची तारीख घातली. कपाटातला शिक्का खिशात टाकून तो फाटकाशी गेला आणि ट्रकवाल्याला म्हणाला, "रिकामाच जा."

"हिम्मतरावसाहेबांनी विचारलं तर काय बोलू?"

"सांग, धम्मदीप आडवा आलाय."