दोन्ही ग्रुपची फाईल

मी एक फाईल. जाड पुठ्ठ्याची, गडद हिरवी, आत लोखंडी कमान असलेली. कमान उघडताना खटकन आवाज होतो. दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात तो आवाज आला की अन्वी ओठ घट्ट मिटून घ्यायची.

मला इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स गावच्या एका दुकानातून जयंतरावांनी आणलं. त्यांची मुलगी अन्वी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्याकडच्या अकरावीला जाणार होती. त्यांनी सगळ्यांत रुंद फाईल निवडली आणि विषय वेगळे ठेवायला पाच रंगांचे पुठ्ठे घेतले.

शाळेनं, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या प्रमुख मिसेस डॉसननी, खरं तर चारच विषय सुचवले होते. "मिसेस डॉसन म्हणते, चार पुष्कळ झाले," जयंतराव घरी हसत सांगत होते. "आम्हाला बारावीला सहा होते. वर सकाळ-संध्याकाळ क्लास."

त्यांचं सगळं गणित पुण्यातलं होतं. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी. दोन्ही ग्रुप ठेवायचे, म्हणजे मेडिकलही हातात आणि इंजिनीअरिंगही. इथे असा ग्रुप कुणी विचारत नाही, हे मिसेस डॉसननी त्यांना समजावून सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि घरी येऊन चारही विषय लिहिले. अन्वीला हिस्टरी हवी होती.

"घे की," ते मोकळ्या मनानं म्हणाले. "पाचवा म्हणून घे."

माणसं ओझं असं प्रेमानं देतात, की घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही.

पहिले दोन आठवडे माझ्यात कागद नीट भोकं पाडून लागत होते. मग नुसते कोंबले जाऊ लागले. केमिस्ट्रीची समीकरणं मॅथ्सच्या रंगात, बायॉलॉजीची आकृती फिजिक्सच्या रंगात. इतर मुलींना मधे मोकळे तास असत, तेव्हा त्या लायब्ररीत बसून अभ्यास उरकत. अन्वीला असा तास जवळजवळ नव्हताच. ती बसमध्ये मला मांडीवर घेऊन लिहायची, अक्षर गचक्यांसरशी वाकडं व्हायचं. डब्यातली पोळी-भाजी तशीच परत यायची. आई, सुनीती, डबा उघडून बघायची आणि धुवायला टाकायची.

विषय सोडायचा असेल तर ऑक्टोबरच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी सकाळी नऊपर्यंत फॉर्म द्यायचा होता. त्यावर पालकांची सही लागत होती. तो फॉर्म अकरा दिवस माझ्या पोटात होता. अन्वी रोज तो बाहेर काढायची आणि परत ठेवायची.

रविवारी दुपारी जयंतरावांनी केमिस्ट्रीचा पेपर बघायला म्हणून मला जेवणाच्या टेबलावर उघडलं. त्यांना एक नाही, तीन पेपर मिळाले. शेवटच्यावर एकोणीस टक्के होते. त्याखाली फॉर्म. 'सोडायचा विषय' या ओळीपुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं, हिस्टरी.

त्यांनी हिस्टरीचे निबंधही चाळले. प्रत्येकावर शिक्षकांनी दोन-दोन ओळी कौतुक लिहिलं होतं.

"अन्वी, जरा इकडे ये. हे काय?"

ती दारातच थांबली. "हिस्टरी सोडते, बाबा. मग ग्रुप राहतो. तुम्हाला तेच पाहिजे ना?"

"आणि हे एकोणीस?"

"मला केमिस्ट्री समजत नाही. सगळे लिहितात तेव्हा मी पण लिहिते. काय लिहिते ते मला माहीत नाही."

"अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"आजोबांना फोनवर सांगितलंत ना तुम्ही, अन्वी डॉक्टर होणार. आय कुडन्ट."

"अजून एक महिना बघू. मी शिकवतो तुला. दोन्ही ग्रुप ठेवले की…"

"अहो," सुनीती ओट्यापासून म्हणाली, "तुम्ही ठेवले होतेत की दोन्ही ग्रुप. काय झालं? दोन्हीकडे थोडक्यात हुकलं. शेवटी बी.एस्सी. करून कॉम्प्युटरचा कोर्सच केलात."

"आत्ता तो विषय नाहीये."

"तोच आहे."

किटली उकळून बंद झाली. कुणी उठलं नाही. माझ्या उघड्या कमानीत सगळे कागद सैल पडले होते आणि मला ती मिटावीशी वाटत होती, पण फाईलला स्वतःहून मिटता येत नाही.

जयंतरावांनीच मला मिटलं. फॉर्म माझ्या पाठीवर ठेवला, हिस्टरी खोडून टाकलं आणि पेन्सिल तिच्यापुढे सरकवली. "तू लिही."

पेन्सिल कागदाला टेकली आणि थांबली.

"केमिस्ट्री गेली की मेडिकल गेलं, बेटा. मग परत नाही."

"माहितीये."

"बरं. लिही."

तिनं लिहिलं. आता सही राहिली होती. त्यांनी पेन उघडलं, झाकण लावलं, पुन्हा उघडलं. त्या वेळात अन्वीनं श्वास घेतला की नाही, मला कळलं नाही. मग त्यांनी सही केली, इतकी दाबून की ती फॉर्ममधून माझ्या पुठ्ठ्यात उतरली.

त्यानंतर सारं सुरळीत झालं असं नाही. चार विषयांचाही अभ्यास भरपूर होता, आणि आजोबांना सांगायला जयंतरावांना डिसेंबर उजाडला. पण माझे कागद पुन्हा आपापल्या रंगात लागू लागले.

आता, तीन वर्षांनी, अन्वी नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीत शिकते. काय शिकते ते विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही. माझ्यात हल्ली बॉयलरची आणि गाडीची कागदपत्रं असतात. माझी कमान सैल झाली आहे, कोपरे फाटलेत. लवकरच मला टाकून देतील.

तुमच्या घरात अशी एखादी फुगलेली फाईल असेल, तर ती एकदा मुलांसोबत बसून उघडा. गुण मागाहून बघा.

माझ्या पाठीवर ती सही अजून आहे. शाई नाही, नुसता खळगा. कागद शोधताना कधीकधी जयंतरावांचं बोट त्यावर येतं, आणि क्षणभर तिथेच राहतं.