दाउत्सेनला हाक

मी एक जुनी पेटी आहे. दागिन्यांची नव्हे. पावाच्या दोन कापांएवढे माझे अंग आणि पोटात एक छोटा संगणक. फ्रीजलँड या डच प्रांतातल्या एका गावात, पुढच्या दाराजवळच्या विजेच्या मीटरच्या कपाटात माझे सारे आयुष्य गेले.

मित्रांनो, मला विब्रेनने घडवले. तो जन्मभर टेलिफोन खात्यात होता. निवृत्त झाला तरी त्याचे हात स्वस्थ बसेनात. स्वस्तातले दिवे, कॅमेरे, जुनी यंत्रे यांच्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून घरातल्या इंटरनेटच्या जाळ्याचे त्याने तीन भाग केले. एक घरच्यांचा, एक पाहुण्यांचा आणि तिसरा या संशयितांचा. तिसऱ्याला तो गोठा म्हणे. एका भागातल्या यंत्राला दुसऱ्या भागातले दिसत नसे. मग स्वयंपाकघरातल्या रेडिओला गोठ्यातले काही हवे असेल तर? ते काम माझे. रेडिओने नाव घेतले की मी ती हाक भिंतीपलीकडे नेई आणि उत्तर घेऊन येई. आगंतुकाला मात्र मी कधी वाट दाखवली नाही.

विब्रेन शेतकऱ्याचा मुलगा. त्याने यंत्रांना वडिलांच्या गाईंची नावे दिली. अडेलतट्टू प्रिंटर ग्रीत झाला आणि माळ्यावरची काळी डबी दाउत्सेन. "नंबर बदलतात, नाव राहतं," असे तो म्हणे. यंत्र घरी आले की त्या तारखेला त्याचे नाव तो, तिकडच्या रिवाजाप्रमाणे संडासात टांगलेल्या, वाढदिवसांच्या कॅलेंडरात लिही. फक्त नाव. ते कुणाचे, हे मात्र त्याने कुठेच लिहिले नाही. एवढ्या शहाण्या माणसाचे तेवढेच चुकले आणि तेच आम्हाला नडले.

गोठ्यातल्या या दाउत्सेनच्या पोटात त्याचा आवाज होता. बायकोच्या, हिंकेच्या, प्रत्येक वाढदिवसाला तो चार शब्द बोलून तिथे साठवी. तो गेल्यावर दोन हिवाळे हिंके रोज सकाळी कॉफी घेताना रेडिओला "दाउत्सेन" म्हणायची. मी धावायची. विब्रेन बोलू लागायचा. माझे कौतुक कुणी केले नाही आणि मला ते नकोही होते.

मग मुलीने, बाउक्येने, आईच्या सोयीसाठी नवी पेटी बसवून घेतली. नव्या पेटीला गोठा ठाऊकच नव्हता. माझ्या तारा निघाल्या आणि मी तिथेच फळीवर पडून राहिले.

"दाउत्सेन सापडत नाही," रेडिओ म्हणाला.

"आई, रेडिओच बिघडलाय. नवा आणते."

"कालपर्यंत बोलत होता गं तो."

नवा रेडिओ आला. तोही तेच म्हणाला. पुढच्या शनिवारी बाउक्येने माळा आवरला. दिवा लुकलुकणारी काळी डबी तिने जुन्या सामानाबरोबर गावाच्या भंगार केंद्रात नेऊन टाकली. मी कपाटात होते. मला सगळे ठाऊक होते, पण तारांशिवाय मला वाचा नाही.

मार्चात हिंकेचा वाढदिवस आला. खुर्च्या गोल मांडून सगळे केक खात बसले. विब्रेनचा धाकटा भाऊ सिप्के संडासातून हसत बाहेर आला.

"वहिनी, तुमच्या कॅलेंडरात दाउत्सेनचा वाढदिवस काय करतोय? ती तर आमच्या बापाची गाय. सगळ्यांत गरीब. आणि ती लाथा झाडणारी ग्रीतपण आहे तिथं!"

बाउक्येच्या हातातली बशी तशीच राहिली.

"ग्रीत म्हणजे प्रिंटर, काका. छापताना तेच नाव दिसायचं," ती म्हणाली. "मग दाउत्सेन... माळ्यावरची ती काळी डबी."

कोट न घालताच ती सायकलवर बसली. केंद्रातला भंगाराचा कंटेनर त्याआधी दोनदा रिकामा झाला होता.

नवी पेटी आल्यापासूनच दाउत्सेन सापडेनाशी झाली, हे आता तिला उमगले. त्या संध्याकाळी तिने मला पुन्हा तारा जोडल्या. मी गोठ्यात हाक मारली. ग्रीतने ओ दिली. दिव्यांनी दिली. बाउक्ये कपाटासमोर जमिनीवर बसून रडली. हिंकेने तिच्या केसांवरून हात फिरवला. "तुला तरी काय माहीत, बाळा," एवढेच ती म्हणाली.

मित्रांनो, दिवा लुकलुकत असलेली वस्तू फेकण्याआधी ती कुणाची कोण, हे विचारा. आणि तुम्ही कुणाला नाव दिले असेल, तर ते घरच्यांना सांगून ठेवा.

हिंके अजूनही सकाळी कॉफीचा कप घेऊन "दाउत्सेन" म्हणते. मी हाक भिंतीपलीकडे नेते, जरा जास्तच वेळ थांबते आणि सापडत नाही असे सांगायला परत येते.