नाव-नंबर नसलेलं इंजिन

मी एक जुनं इंजिन आहे, मित्रांनो. कोणत्या कंपनीचं, कोणत्या सालचं, ते मात्र विचारू नका. तेच तर माझं दुखणं आहे. माझ्या अंगावर नाव होतं, नंबरही होता. पण स्वतःच्या पाठीवर काय लिहिलंय ते कोणाला वाचता येतं का, सांगा बरं!

मी टू-स्ट्रोक आहे, एवढं नक्की. पेट्रोलमध्ये तेल मिसळून पाजल्याशिवाय मी हलत नाही, आणि एकदा सुरू झालो की गल्लीभर धूर. माझा जन्म वाळूच्या साच्यात झाला. आजूबाजूची माणसं कुठली भाषा बोलत होती, देव जाणे. मग लाकडी पेटी, जहाज आणि बराच काळ नुसता अंधार. उजेड दिसला तो नागपुरात, कामठी रोडवरच्या एका भंगाराच्या ढिगात. माझ्या डोक्यावर मोडकी शिलाई मशीन पडलेली होती.

तिथून मला मनोहररावांनी उचललं. हुडकेश्वरला त्यांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. माणूस भारी नादिष्ट! त्यांनी पाइप वाकवून, वेल्डिंग करून चार चाकांची एक बुटकी गाडी बनवली. छत नाही, दार नाही, बसणारा जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. शर्यतीच्या असल्या गाडीला कार्ट म्हणतात. तिच्या पाठीमागे मला बसवलं.

त्यांच्या पत्नी प्रेमिलाबाई दारातूनच म्हणाल्या, "अहो, हे काय खेळणं करून राहिले तुम्ही?"

"खेळणं नाही वं, वाघ होय हा!"

हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

हिवाळ्यातल्या रविवारी गावाबाहेरच्या मैदानात शर्यती व्हायच्या. वळणावळणावर तणसाचे भारे रचलेले असत. मनोहरराव पेट्रोलमध्ये एरंडेल मिसळायचे, त्यामुळे माझ्या धुराला गोडसर वास यायचा. पोरं नाक वर करून मागे धावायची. काय दिवस होते ते! एकदा आम्ही पहिले आलो, तेव्हा त्यांचे जिगरी दोस्त, काटोलचे बागायतदार देवराव, यांनी संत्र्यांची अख्खी पेटी तिथेच फोडून वाटली. मी कुठला, कोणी बनवलेला, हे सगळं मनोहररावांच्या डोक्यात होतं. कोणता पार्ट कुठून मागवायचा, तेही. विचारलं असतं तर त्यांनी हौसेनं सांगितलं असतं.

मग एका शर्यतीत माझा कनेक्टिंग रॉड तुटला. पिस्टन ज्याच्या जोरावर चाकं फिरवतो, तो दांडा. "मागवतो दुसरा," असं म्हणाले, आणि त्याच आठवड्यात छातीत कळ येऊन मनोहरराव गेले.

त्यानंतरचं काय सांगू? मुलगा रोशन दुकानात नोकरीला लागला. गॅरेजला कुलूप लागलं. कोणीतरी कार्टच्या सीटवर कांद्याची टोपली ठेवली. वाघाच्या पाठीवर कांदे! माझ्या धुराड्यात उंदरानं संसार थाटला, आणि मी मुकाट्यानं पाहत बसलो.

यंदा गॅरेजच्या जागेच्या मालकानं जागा परत मागितली. शुक्रवारपर्यंत रिकामी करा म्हणाला. रोशन म्हणाला, "ताई, एवढं लोखंड ठेवायचं कुठं? देऊन टाकू भंगारात." पण त्याची मोठी बहीण नंदिनी हट्टाला पेटली. "बाबाची कार्ट भंगारात जाणार नाही," म्हणाली. तिनं पुण्याचे एक गृहस्थ शोधून काढले. ते जुन्या कार्ट गोळा करून चालत्या ठेवतात. फोनवर त्यांनी स्पष्ट सांगितलं, "इंजिनाचा नाव-नंबर कळला तर रॉड मिळेल, आणि मी गाडी जन्मभर सांभाळीन. नाही कळला, तर मला तिचा काही उपयोग नाही."

झालं! माझा जीव एका नंबरावर येऊन लटकला.

नंदिनीनं माझे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि जगभर पाठवले. एकानं उत्तर दिलं, इटलीचं आहे. दुसऱ्यानं लिहिलं, छे, इंग्लंडचं. तिसरा म्हणाला, लाकूड कापायच्या करवतीचं आहे. मग देवराव आले. चष्मा लावून मला न्याहाळलं आणि म्हणाले, "हे तं फवारणीच्या पंपाचं दिसते, बेटा."

ऐकलंत? वाघाला म्हणे फवारणीचा पंप!

"काका, तुम्ही तं हरेक शर्यतीले होते," नंदिनी म्हणाली. "बाबा कधी काही बोलले नाही काय?"

देवरावांनी खांद्यावरचा दुपट्टा उगाच सारखा केला. "आम्ही संत्री खाल्ली, बेटा. विचारलं नाही."

शेवटी नंदिनीच्या मनात आलं की माझ्यावरच्या चंदेरी रंगाखाली नंबर असेल. तिनं ब्लेडची पत्ती घेऊन रंग खरवडायला सुरुवात केली. आणि मित्रांनो, तिथेच माझं काळीज फाटलं. कारण खाली काय आहे ते मला ठाऊक होतं.

दसऱ्याला अवजारांची पूजा होते, हे तुम्ही जाणताच. मनोहरराव मला रॉकेलनं धुवायचे, चंदेरी रंग द्यायचे, हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घालायचे. एका वर्षी माझ्या नावाची पितळी पाटी हिरवी पडलेली दिसली. पूजेत ती घाण नको, म्हणून काढून फेकली. खाली अंगावर ठोकलेला नंबर होता. त्या खाचांत ऑइल साचायचं, कुंकू टिकायचं नाही. मनोहररावांनी ग्राइंडर फिरवून जागा लख्ख गुळगुळीत केली आणि तिच्यावर स्वस्तिक काढलं. "आता कसं देखणं दिसते!" म्हणाले. मीसुद्धा खुळ्यासारखा फुशारलो होतो.

दुपारभर पोरगी खरवडत होती. थांब गं बाई, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण पेट्रोलाशिवाय मला तोंड कुठलं?

प्रेमिलाबाई चहा घेऊन आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. "तिथं काही नाही वं, नंदे. तुह्या बाबानं घासून टाकलं ते. एका दसऱ्याले."

"घासलं? काहून?"

"पूजेसाठी. कुंकू टिकत नाही, असं मीच म्हटलं होतं त्यायले." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "देवावानी मानत होते वं त्याले."

नंदिनीनं पत्ती खाली ठेवली. त्या गुळगुळीत जागेवरून ती किती तरी वेळ बोट फिरवत राहिली. रागवायचं तरी कोणावर? कोणी वाईट केलंच नव्हतं. मग तिनं पुण्याला फोन लावला. गृहस्थ भले होते, त्यांना वाईट वाटलं, पण ते नाही म्हणाले.

शुक्रवारी भंगारवाला ठेला घेऊन आला. "हे कायचं इंजन होय, ताई?"

"माहीत नाही," नंदिनी म्हणाली आणि डोळे पुसत आत निघून गेली.

आता मी या ठेल्यावर आहे. शेजारी कूलरचा फुटका पंखा आहे. उद्या भट्टीत मला वितळवतील, आणि माझी झाकणं होतील की कड्या, कोणाला ठाऊक! माझी सुटका नाही, मित्रांनो, आणि मी ती मागतही नाही. तुम्ही मात्र एक करा. घरातल्या जुन्या वस्तूंना जरूर पुजा, पण घासण्याआधी वाचून बघा. आणि ज्यांना त्यांची गोष्ट ठाऊक आहे, ती माणसं समोर बसली आहेत तोवर विचारून घ्या. आज संध्याकाळीच विचारा. उद्या विचारू, असं म्हणू नका. आमच्या घरी सगळे उद्याच विचारणार होते.