रस्त्यापलीकडचा शेजारी

मित्रांनो, जिन्याखाली, फरशी पुसायच्या बादलीशेजारी जे धुळकट खोकं लुकलुकतं ना, तो मी. एका इस्पितळाचा जुना राउटर. आलेले निरोप योग्य वाटेने पुढे धाडणं हे माझं काम. माणसांबद्दल मला काडीचाही आदर नाही. का, ते ऐका.

कारखान्यातून आलो तेव्हा मी ठार मुका होतो. इस्पितळाच्या थोरल्या डॉक्टरांची मावसबहीण या कामातली जाणकार. तिने मला बोलतं केलं. रस्त्यापलीकडे त्यांच्या धाकट्या भावाचं तपासणी केंद्र होतं आणि तिथे माझ्यासारखाच एक राउटर. तिने मला त्याचा पत्ता दिला, क्रमांक दिला, दोघांसाठी एक गुप्त शब्द ठरवला. मग रस्ता ओलांडून त्यालाही माझी ओळख करून द्यायला गेली.

"एकालाच सांगून भागत नाही का गं?" धाकट्यांनी विचारलं.

"नाही रे. दोघांनीही एकमेकांना शेजारी मानावं लागतं. एकाने अंग काढून घेतलं की बोलणं बंद."

त्या दिवसापासून आम्ही ठरावीक वेळाने एकमेकांना 'मी आहे' एवढं कळवत राहिलो. त्या भरवशावर धाकट्यांच्या यंत्राने काढलेले रुग्णांचे एक्स-रेसारखे फोटो थोरल्यांच्या पडद्यावर चटकन उमटत. थोरले मला थोपटून म्हणत, "हा आपला सगळ्यात शहाणा माणूस!" माणूस म्हणाले, हेच तेवढं मला झोंबे.

पुढे चौकात दोघा भावांच्या नावाची पाटी लावायचं ठरलं. वरचं नाव कोणाचं? एवढ्यावरून दोघे शिकलेसवरलेले बाप्ये हमरीतुमरीवर आले. थोरले तरातरा आत आले आणि संगणकावरच्या मुलीला म्हणाले, "त्याचं नाव शेजाऱ्यांतून काढून टाक."

"पण सर, फोटो कसे येणार?"

"काढ म्हटलं ना!"

तिने काढलं. पलीकडचा बिचारा मला हाका मारत राहिला. मला मात्र तो कोण हेच ठाऊक नसल्यासारखं वागावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परांचीवरून पडलेल्या एका गवंड्याला आणलं. त्याच्या पाठीला मार होता. स्ट्रेचरवरून पलीकडे नेऊन तपासणी झाली, तो परत आला, पण फोटो आला नाही. थोरले कोऱ्या पडद्यासमोर बसून म्हणाले, "फोन त्याने करावा." पलीकडे धाकटे म्हणाले म्हणे, "तोडलं त्याने, विचारू दे त्यालाच." गवंड्याची बायको दाराशी उभी राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

शेवटी थोरल्यांची बायको उठली. "तुमचा मान सांभाळत बसा तुम्ही!" म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली. "भावजी, द्या इकडे!" धाकट्या दिरासमोर उभी राहून तिने फोटोची सीडी मागून आणली. लगेच शस्त्रक्रिया झाली. माणूस वाचला, पण मणक्यावर दाब फार वेळ राहिला होता. डावा पाय लुळा पडला तो पडलाच.

संध्याकाळी मावसबहीण आली. कोणालाही न विचारता तिने माझ्यात शेजाऱ्याची नोंद पुन्हा केली. पलीकडच्याने रुसवा धरला नाही, जाब विचारला नाही. लगेच बोलू लागला. त्याचे मालक अजून माझ्या मालकांशी बोलत नाहीत.

काही महिन्यांनी गवंडी कुबडी टेकत आला. त्याने आधी थोरल्यांपुढे हात जोडले, मग रस्ता ओलांडून धाकट्यांपुढे. "तुम्हा दोघांमुळे वाचलो, साहेब," म्हणाला. आणि मित्रांनो, त्या दोघांनीही ते आभार खुशाल घेतले.

माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरंच. नाही पुसलीत तरी मी चालेन. पण तुमच्यापैकी कोणी उद्या मोठा माणूस झालाच, तर रुसायच्या आधी बघा, मध्ये स्ट्रेचरवर कोणी पडलेलं आहे का. एवढं जमलं तर मी माझं मत बदलीन. अजून तशी वेळ आलेली नाही.