घाम की पाऊस

खट्ट. कपाटाची कडी निघाली आणि कित्येक वर्षांनी माझ्या अंगावर उजेड पडला.

मित्रांनो, मी चित्रकथेचा एक जुना अंक आहे. पोटात दोन पिना आणि मुखपृष्ठावर माझा नायक, महाभुज. छापखान्यातून निघालो तेव्हा अंगाला ताज्या शाईचा वास होता. दुकानातल्या दोरीवर चिमट्याला लटकत असताना एका ताईनं आणि तिच्या धाकट्या भावानं मला घरी नेलं. त्याच दिवशी माझ्यावरून दोघांची जुंपली.

त्याचं असं झालं. सहाव्या पानावर महाभुज एका हातानं आगगाडीचा पूल उचलतो. एकोणिसाव्या पानावर मात्र काजळ्या नावाचा खलनायक त्याला साध्या सुतळीनं बांधतो, आणि ती काही त्याला तुटत नाही.

“पूल उचलतो आणि सुतळी तुटत नाही? काहीही,” ताई म्हणायची.

“दमलाय तो.”

“असं कुठं लिहिलंय? पान दाखव.”

हा त्या दोघांचा कायदाच होता. कुणाच्या शक्तीबद्दल बोलायचं, तर पानावर बोट ठेवून बोलायचं. मग भाऊ महाभुजाच्या कपाळावरच्या थेंबांवर बोट टेकवायचा.

“हा बघ घाम.”

“तो पाऊस आहे, शहाण्या.”

“मग काजळ्या कोरडा कसा?”

एकदा ओढाताणीत माझं मुखपृष्ठ फाटलं. त्यांच्या आईनं दोघांना एकेक धपाटा घातला आणि मला जाड दोऱ्यानं शिवलं. मला वाईट वाटलं नाही. एकदा वाचून बाजूला पडण्यापेक्षा हे बरं.

पुढे दोघं मोठी झाली. भाऊ सामान हलवायच्या कामाला लागला. फ्रीज पाठीवर घेऊन जिने चढणारा गडी तो. ताईची छोटी त्याच्या दंडाला लोंबकळायची आणि त्याला महाभुजमामा म्हणायची. काही सांगितलं की “पान दाखव” म्हणायचं, हे तिला त्यानंच शिकवलं. मी मात्र जुन्या चादरींखाली पडून होतो. वाळवी लागली नाही, एवढंच.

आज ताईनं मला पिशवीत घालून दवाखान्यात आणलं. खाटेवर भाऊ होता. पाण्याचा पेलाही त्याच्या हातात ठरत नव्हता. ताईनं एकोणिसावं पान उघडलं.

“सांग आता. पूल उचलतो आणि सुतळी तुटत नाही?”

तो चिडेल, भांडेल, अशी तिला आशा होती. मलाही होती.

“तुझंच खरं होतं, ताई,” तो म्हणाला. “नाही तुटत.”

ताईचं बोट त्या थेंबांवर गेलं. “अरे, दमलाय तो. हा बघ घाम.”

“पाऊस आहे तो,” भाऊ जरासा हसला, आणि त्याला झोप लागली.

मित्रांनो, पुस्तकं जपा, पानं दुमडू नका, असं मी सांगणार होतो. पण पानं शिवता येतात. तुमच्याशी भांडणारं माणूस आधी जपा.

छोटी खाटेच्या पायथ्याशी उभी होती.

“आई, मामा बरा होणार ना?”

“होणार तर. पुन्हा फ्रीज उचलणार.”

छोटीनं मला उचललं, आईच्या मांडीवर ठेवलं आणि पानं उलटू लागली.

“कुठल्या पानावर आहे, आई? दाखव ना.”